लोकल हाकणारे रिकामटेकडे नव्हेत

वसईतल्या आमच्या वटारला रेल्वे स्टेशन नाही. गाडी धरायची तर बस किंवा रिक्षाने नालासोपारा नाहीतर विरार गाठायचं आणि मग गर्दीत शिरायचं. त्यामुळे आमच्याकडे कुणी कॉम्प्युटरवर ट्रेन सिम्युलेटर लावून बसला की पहिला आक्षेप ठरलेला असतो: दिवसभर लोकलमध्ये चेंगरून यायचं आणि रात्री पुन्हा लोकलच चालवायची, हे कसलं वेड? दुसरा आक्षेप असा, की हा खेळ कधीच मेला, कंपनीनेही टाकून दिला. तिसरा सर्वांत जड: यातून निष्पन्न काय?

दुसरा आधी निकालात काढू, कारण तो सरळ चुकीचा आहे. मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर 2001 साली आला. त्याची पुढची आवृत्ती दोनदा जाहीर झाली आणि दोनदा गुंडाळली गेली. 2009 मध्ये ती बनवणारा स्टुडिओच बंद झाला. मूळ खेळात सहा मार्ग होते, भारतातला एकही नव्हता. ती उणीव हौशी मंडळींनी भरून काढली. डब्ल्यूडीएम-2, डब्ल्यूएपी-4 ही इंजिनं, मुंबईच्या लोकल, सिग्नल, विजेचे खांब असं कितीतरी लोकांनी घरी बसून घडवलं आणि त्यातलं पुष्कळसं फुकट वाटलं. मूळ प्रोग्राम जुना पडला, तेव्हा स्वयंसेवकांनी ‘ओपन रेल्स’ लिहिला. जुने मार्ग आणि जुन्या गाड्या त्यावर आजही धावतात. कंपनीने हात झटकल्यावर इतकी वर्षं चाललेल्या गोष्टीला मेलेली कसं म्हणायचं?

आता चेंगरण्याचं. डब्यातल्या माणसाला दिसते ती समोरच्याची पाठ. गाडी विरारच्या अलीकडे थबकते तेव्हा तो वैतागतो, आणि त्याचा वैताग रास्त आहे. मोटरमनच्या जागी बसल्यावर त्याच थबकण्याचं कारण कळतं. पुढे दोन पिवळे दिवे, मग एक पिवळा, मग लाल. बारा डब्यांची गाडी हवी तिथे थांबवायची तर ब्रेक किती आधी लावायचा, हे हाताला शिकावं लागतं. घाईने लावला तर गाडी फलाटावर आखूड पडते, उशिरा लावला तर जिथे थांबायचं ती डब्यांच्या संख्येची पाटी मागे राहते. या खेळात कुणाला मारायचं नसतं, वेगमर्यादा पाळायची असते. रेल्वेही आपल्या चालकांना सिम्युलेटरवर शिकवते. तिथे ज्याला प्रशिक्षण म्हणतात, त्याला घरात वेड का म्हणावं?

आक्षेपकांच्या एका मुद्द्यात मात्र दम आहे. सिम्युलेटरमधली लोकल फार रिकामी असते. फलाटावर चार पुतळे उभे असतात. दाराला लटकलेलं कुणी नसतं, रूळ ओलांडणारं कुणी नसतं. नालासोपाऱ्याची सकाळ ज्याने पाहिली आहे त्याला हे खोटं वाटणारच, आणि खेळ करणाऱ्यांनी हा दोष मनावर घ्यायला हवा. पण दोष दाखवणं वेगळं आणि सगळंच मोडीत काढणं वेगळं.

निष्पन्न काय, याचं उत्तर आवाजात आहे. विरारपर्यंत विजेची लोकल 1936 साली आली, 1500 व्होल्ट डीसीवर. पश्चिम रेल्वेवर ही पद्धत जाऊन 25 हजार व्होल्ट एसी येण्याचं काम 2012 मध्ये पुरं झालं. जुन्या गाडीत सुरुवातीला मोटारींच्या वाटेत रोध असत. वेग वाढेल तसे ते टप्प्याटप्प्याने निघत आणि दर टप्प्याला डब्याला बारीक हिसका बसे. नव्या गाड्या सुरांची पट्टी चढवल्यासारख्या गुणगुणत सुटतात, तो हिसका त्यांत नाही. पाऊण शतक आपल्या वसईची फुलं, भाजी, केळी ज्या लगेजच्या डब्यांतून दादरला गेली, त्यांचं चालणं आता कुठे सापडेल? गाडी एक वेळ संग्रहालयात ठेवता येईल, पण तिथे ती उभी असते. ती कशी सुटायची, कशी थांबायची, हे या हौशींनी आकड्यांत आणि ध्वनिफितींत उतरवून ठेवलं आहे. आपल्याकडच्या सामवेदी बोलीतली गाणी गोळा करणाऱ्याला आपण मान देतो. हे काम त्याच जातीचं आहे आणि मानही तोच मिळाला पाहिजे.

या मंडळींतही वाईट चालतं. एकाने महिनोन्महिने खपून केलेलं मॉडेल दुसरा नाव पुसून विकतो. ही सरळ चोरी आहे आणि तिला हौसेचं पांघरूण घालू नये. मात्र चोर सापडला म्हणून कारागीर दोषी ठरत नाही.

वटार, निर्मळ, नंदाखाल, आगाशी या पट्ट्यात रेल्वेत हयात घालवलेली माणसं आहेत. कुठला सिग्नल वळणामुळे उशिरा दिसायचा, पावसात चाकं कुठे घसरायची, चार रूळ होण्याआधी विरारचं यार्ड कसं होतं, हे त्यांना तोंडपाठ आहे. मार्ग बनवणाऱ्या मुलांनी फोन रेकॉर्डिंगला लावून आधी त्यांच्या ओटीवर जावं. रेल्वेनेही बाद झालेले नकाशे, जुनी वेळापत्रकं, जुने फोटो त्यांच्यासाठी खुले करावेत. आणि घरच्यांनी त्या मुलाला रात्री दहाला ‘बंद कर ते’ म्हणण्याआधी, तो कुठलं स्टेशन बांधतो आहे, एवढं विचारावं.