रशियन घड्याळ आणि आपली औटकी



गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा रशियाहून फोन आला. वाळवा तालुक्यातला मुलगा, डॉक्टर व्हायला गेलेला. म्हणाला, "सर, पहिलीच तोंडी परीक्षा हुकली. बाईंनी वेळ सांगितली, 'पलवीना चित्व्योर्तवा'. मला अर्धा कळलं, चार कळलं. मी साडेचारला गेलो." परीक्षा होती साडेतीनला.

मी त्याला रागावलो नाही. त्याला रशियन शिकवलं ते इंग्रजीतून. इंग्रज 'हाफ फोर' म्हणाला की साडेचार समजायचे. रशियन माणूस मात्र 'चौथ्याचा अर्धा' म्हणतो. तीन तास भरले, चौथा अर्धा झाला, म्हणून साडेतीन. सातारा-सांगलीकडची बरीच मुलं आता शिकायला तिकडे जातात, आणि निघण्याआधी पालक मला एकच विचारतात, "इंग्रजी पक्कं आहे ना त्याचं?" मराठीबद्दल कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं, की रशियन वेळ शिकवायची तर ती मराठीतूनच शिकवावी.

का, ते सांगतो. 'अडीच' हा शब्द आला 'अर्धतृतीय' वरून, म्हणजे तिसरा अर्धा. रशियनमध्ये अडीच वाजले म्हणजे 'पलवीना त्रेत्येवा', तिसऱ्याचा अर्धा. अगदी तोच हिशेब! 'दीड' आला 'द्व्यर्ध' वरून, आणि रशियनमधलं दीड म्हणजे 'पलतरा', तेही मुळात 'दुसऱ्याचा अर्धा'च. आणि साडेतीनला आपल्याकडे जुना शब्द आहे 'औट', मूळ 'अर्धचतुर्थ'. आपल्या आजोबांनी शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकली होती. औटकी येणाऱ्या म्हाताऱ्याला 'पलवीना चित्व्योर्तवा' समजवायला दोन मिनिटं पुरतील. आपल्या मुलांना मात्र 'पावणेचार' म्हटलं तरी ती मोबाईलकडे बघतात.

पावणेचारचंही तसंच. पावणे म्हणजे पाव उणे. रशियन म्हणतो 'बेस च्येत्वेर्ती चितीर्ये', पावाशिवाय चार. जुळलं. सव्वा मात्र जुळत नाही, तिथं सावध राहायचं. आपले सव्वातीन म्हणजे तीनवर पाव. त्यांचे 'चौथ्याचा पाव'. इथं मराठीही मुलाला फसवते, हे आधीच सांगून टाकावं.

काही शिक्षक म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? 'तीन तीस' म्हटलं तरी चालतं की. चालतं, रशियनमध्येही चालतं. पण आपण काय बोलायचं ते आपल्या हातात असतं, समोरचा काय बोलेल ते नसतं. त्या बाईंनी 'तीन तीस' म्हटलं नाही.

तासाचा शब्द आकड्याप्रमाणे बदलतो, तो पाठच करावा लागतो: एकाला 'चास', दोन ते चारला 'चिसा', पाचपासून 'चिसोफ'. आपणही 'एक वाजला, दोन वाजले' म्हणतोच. वारांची नावं सोपी. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि मंगळवार 'फ्तोर्निक' म्हणजे दुसरा, गुरुवार 'चित्व्येर्क' म्हणजे चौथा, शुक्रवार 'प्यातनित्सा' म्हणजे पाचवा. आपल्यासारखे ग्रह नाहीत, या तीन नावांत नुसती मोजणी.

तारखेसाठी मी एकच उदाहरण घेतो, आणि ते आपल्याच मातीतलं. अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, जन्म १ ऑगस्ट १९२०. तेव्हा वाटेगाव सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. अण्णा भाऊ १९६१ मध्ये रशियाला जाऊन आले, त्यावर त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं, आणि २०२२ च्या सप्टेंबरमध्ये मॉस्कोत त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. मुलांना त्यांचं नाव ठाऊक असतं, त्यामुळे तारीख कोरडी राहत नाही. 'आज एक ऑगस्ट' म्हणजे 'पेर्वये आवगुस्ता'. 'एक ऑगस्टला जन्मले' म्हणायचं तर 'पेर्ववा आवगुस्ता'. आपण 'ला' मागे जोडतो, तेही शेवटच बदलतात. इंग्रजीसारखं पुढे 'ऑन' लावत बसत नाहीत. (लिहिताना शेवटी 'ग' असतो, वाचताना 'व'. मुलं इथं हमखास अडखळतात.) वाराला आणि महिन्याला मात्र पुढे 'व' लागतो. सन सांगताना फक्त शेवटचा आकडा क्रमवाचक होतो, बाकीचे जसेच्या तसे.

आणि अण्णा भाऊंची शाळा किती दिवसांची, हे आपण सगळेच सांगतो. दीड दिवसाची. 'पलतरा द्न्या'. हा शब्द एकदा असा सांगितला की मुलं विसरत नाहीत.

मॉस्कोचं घड्याळ आपल्यामागे किती? अडीच तास. त्या मुलाच्या घरी गेलो होतो, तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. त्याची आई बोटं मोजत होती, आता फोन करू की नको म्हणून. चुलीपाशी बसलेली आजी म्हणाली, "सहातनं अडीच गेलं, औट राहिलं. कर की फोन, जेवून बसला असंल." मी आजीला विचारलं, औटकी येते का अजून? तिनं दहापर्यंत म्हणून दाखवली. पुढच्या महिन्यात गावातल्या दोन मुली तिकडे निघाल्यात. त्यांचा पहिला तास आजीच्या स्वयंपाकघरात घ्यायचा असं ठरवलंय.