आधी निदान, मग सामान

सातारा व सांगली जिल्ह्यांतील गॅरेजच्या धंद्यात एक तक्रार वारंवार कानावर येते. डिझेल गाडी सपाट रस्त्यावर व्यवस्थित चालते. मात्र पसरणीचा, कुंभार्लीचा किंवा खंबाटकीचा घाट चढताना अचानक दम सोडते. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबला तरी गाडी ओढत नाही. चालक गाडी कडेला घेतो, चावी बंद करून पुन्हा चालू करतो आणि गाडी काही झालेच नाही अशी धावू लागते. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये निकाल लागतो, "टर्बो गेला, नवा टाकावा लागेल." गिऱ्हाईक हजारो रुपये मोजते. महिनाभराने तोच घाट आणि तोच दिवा पुन्हा समोर येतो.

यात नुकसान दोघांचे होते. गिऱ्हाइकाचा पैसा जातो आणि कारागिराची पत जाते. आमच्या मते या दुखण्याचे मूळ कारागिराच्या हातात नाही. तपासणीला मजुरी न देण्याची जी रीत आपल्या बाजारात रुजली आहे, तिच्यात ते आहे. हे का, ते समजण्यासाठी आधी गाडीत काय घडते ते पाहू.

१९९४ साली आलेली टाटा सुमो आणि १९९८ ची इंडिका यांच्या सुरुवातीच्या डिझेल इंजिनांना टर्बो नव्हता. पंप, नोझल आणि फिल्टर एवढे जाणणारा उस्ताद आवाजावरून व धुरावरून रोग ओळखत असे. पुढे कॉमन रेल डिझेल आले. २००७ मध्ये स्विफ्टमध्ये आलेले १.३ लिटरचे फियाट इंजिन अल्पावधीत घरोघरी पोहोचले. पुणे जिल्ह्यातील रांजणगावलाही तेच इंजिन तयार होत असे. या इंजिनांत हवा टर्बो भरतो, डिझेल संगणक मोजतो आणि दोघांवर सेन्सर पहारा ठेवतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि मारुतीने डिझेल मोटारी बनविणे थांबविले. परंतु त्याआधी विकल्या गेलेल्या गाड्या आजही रस्त्यावर आहेत. त्यांची वॉरंटी कधीच संपली असून त्या आता कंपनीच्या वर्कशॉपमध्ये न जाता आपल्या रस्त्याकडेच्या गॅरेजमध्येच येतात. धंद्याच्या दृष्टीने ही मोठी संधी आहे. मात्र ती निदान करता येणाऱ्यांसाठीच आहे.

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा होय. धूर एका बाजूचे चाक फिरवितो आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक इंजिनात हवा दाबून भरते. हवा किती दाबाने हवी ते संगणक ठरवितो आणि प्रत्यक्ष दाब सेन्सरकडून मोजून घेतो. प्रत्यक्ष दाब मागणीपेक्षा बराच वर गेला आणि काही क्षण तसाच राहिला की संगणक त्याला ओव्हरबूस्ट समजतो. जादा दाबाने हेड गॅस्केट, पिस्टन किंवा खुद्द टर्बो निकामी होऊ शकतो. म्हणून तो डिझेल कमी करतो आणि गाडीला लंगडत घरी जाण्यापुरतीच ताकद ठेवतो. यालाच लिंप मोड म्हणतात. सांगावयाचे तात्पर्य हे की, लंगडणे हा गाडीचा रोग नव्हे, ते तिचे संरक्षण आहे. चावी बंद-चालू करून पुन्हा घाट चढणारा चालक पहारेकऱ्याला झोपवून दार उघडे ठेवत असतो. शिवाय ओव्हरटेक करताना ऐन वेळी गाडीने दम सोडला तर काय होईल, हे घाटात गाडी चालविणाऱ्यांस सांगावयास नको.

आता गॅरेजमधला स्कॅनर पाहा. तो पी-०२३४ हा कोड दाखवितो. त्याचा अर्थ एवढाच की दाब मर्यादेपेक्षा वर गेला. टर्बो बदला, असे त्यात कोठेही लिहिलेले नसते. कोड ही फिर्याद आहे, निकाल नव्हे. फिर्याद ऐकताच शिक्षा सुनावणारा न्यायाधीश आणि कोड वाचताच टर्बो उतरविणारा मिस्त्री यांत फरक तो काय?

खरी तपासणी प्रश्नांपासून सुरू होते. गाडी कोणत्या गिअरमध्ये आणि किती वेगाला अडते? काळा धूर येतो का? पिकअप वाढविण्यासाठी कोणी संगणकाचा प्रोग्राम बदलून घेतला आहे का? सायलेन्सर बदलला आहे का? शेवटच्या दोन प्रश्नांना "होय" असे उत्तर आले, तर जादा दाबाचे कारण बहुधा तेथेच सापडते. त्यानंतर कोड पुसण्यापूर्वी तो लिहून ठेवावा आणि दोष घडला त्या क्षणी इंजिनाचे फेरे व भार किती होता, हे स्कॅनरने जपून ठेवलेले आकडेही टिपून घ्यावेत. अनेक ठिकाणी कोड आधी पुसला जातो आणि पुरावाच नाहीसा होतो.

पुढची तपासणी फुकटची आहे. इंजिन बंद ठेवून फक्त चावी चालू करावी आणि दाबाच्या सेन्सरचा आकडा पाहावा. टर्बो फिरत नसल्याने तो बाहेरच्या हवेच्या दाबाएवढाच असला पाहिजे. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो आणि उंचीबरोबर घटत जातो. सांगलीत तो ९५ च्या आसपास, साताऱ्यात ९३ च्या आसपास आणि महाबळेश्वरी ८६ च्या आसपास यावयास हवा. हवामानाने एक-दोन अंकांचा फरक पडतो, तेवढा सोडून द्यावा. सांगलीत उभ्या गाडीचा सेन्सर ११० दाखवीत असेल तर टर्बो निर्दोष असू शकतो. सेन्सर खोटे बोलतो आहे, त्याचे तोंड काजळीने बुजले आहे किंवा त्याच्या वायरिंगमध्ये बिघाड आहे.

सेन्सर खरा ठरला की नळ्यांकडे वळावे. येथेच बहुतेकांची गफलत होते, कारण टर्बो दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात वेस्टगेट म्हणजे जादा धूर बाजूने सोडून देणारी झडप असते. टर्बोचाच दाब एका बारीक नळीने येऊन ती उघडतो. ही नळी फुटली तर झडप उघडत नाही आणि दाब वाढतो. दुसऱ्या प्रकारात टर्बोच्या आत हलणाऱ्या पाकळ्या असतात, त्याला व्हीजीटी म्हणतात. त्यांपैकी बऱ्याच गाड्यांत पाकळ्या ओढण्याचे काम व्हॅक्यूम करतो. तेथे नळी फुटली तर पाकळ्या मिटत नाहीत आणि दाब उलट कमी पडतो. म्हणजे एकच फुटकी नळी एका गाडीत दाब वाढविते आणि दुसरीत घटविते. वर उल्लेखिलेल्या १.३ लिटर इंजिनाचेच उदाहरण घ्या. त्याच्या ७५ अश्वशक्तीच्या रूपात साधा टर्बो आहे, तर ९० अश्वशक्तीच्या रूपात व्हीजीटी. समोरची गाडी कोणत्या प्रकारची हे न पाहता नळ्या चाचपणे म्हणजे अंधारात तीर मारणे होय.

व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हीजीटीत दाब जादा होत असेल तर दोन जागा प्रथम पाहाव्यात. एक, व्हॅक्यूमचे नियंत्रण करणारा विजेचा व्हॉल्व्ह. त्याच्या हवा आत घेण्याच्या वाटेवर धूळ बसली की व्हॅक्यूम वेळेवर सुटत नाही. दोन, खुद्द पाकळ्या. त्यांवर काजळी बसून त्या अर्धवट मिटलेल्या अवस्थेत अडकतात. हाताच्या व्हॅक्यूम पंपाने अ‍ॅक्च्युएटरचा दांडा ओढून पाहावा. तो अडखळल्याशिवाय पूर्ण जावा आणि सोडताच पूर्ण परत यावा. मध्येच अडकत असेल तर काजळीचा संशय पक्का होतो. अशा वेळी टर्बो उतरवून साफ केल्याने अनेकदा काम भागते. दांड्याला ढिलाई असेल, चाकाची पाती घासली असतील किंवा तेल झिरपत असेल, तरच नवा टर्बो टाकणे योग्य ठरते. विजेच्या मोटरने चालणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरला मात्र हातपंपाचा उपयोग नाही. त्याला स्कॅनरवरून हुकूम देऊन हलवून पाहावे लागते.

शेवटी रस्त्यावरची चाचणी. एकाने गाडी चालवावी आणि दुसऱ्याने स्कॅनरवर मागितलेला दाब व मिळालेला दाब शेजारी शेजारी पाहावा. साताऱ्याच्या कारागिराला यवतेश्वरचा चढ हाकेच्या अंतरावर आहे. सांगलीकराला चढ शोधावा लागेल किंवा गाडीत भार भरावा लागेल. रिकामी गाडी गॅरेजच्या दारात रेस करून हा दोष सापडत नाही.

या साऱ्याला दोन-तीन तास लागतात. प्रश्न असा की, या वेळेचे पैसे कोण देतो? आजच्या रिवाजाप्रमाणे कोणीच नाही. गिऱ्हाईक विचारते, "नुसते बघायचे कसले पैसे?" मग कारागिराची कमाई पार्ट बसविण्याच्या मजुरीवर आणि पार्टच्या कमिशनवर येऊन ठेपते. ज्याने तीन तास घालवून शंभर-दोनशे रुपयांची नळी बदलली, तो तोट्यात जातो. ज्याने पाच मिनिटांत टर्बोचा निकाल दिला, तो नफ्यात राहतो. आपणच बेइमानीला बक्षीस देतो आणि नंतर इमानदार मिस्त्री मिळत नाही म्हणून ओरडतो.

मिरजेकडे पाहा. १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी तेथे इस्पितळ उभारले आणि पुढे ते गाव दवाखान्यांचे गाव म्हणून प्रसिद्धीस आले. तेथे येणारा रोगी तपासणीची फी वेगळी देतो व औषधाचे पैसे वेगळे देतो. डॉक्टरने औषध लागत नाही असे सांगितले तर तो फी परत मागत नाही, उलट समाधानाने घरी जातो. जो न्याय शरीराला तोच यंत्राला का नसावा?

काही कारागीर म्हणतील की फी मागितली तर गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजमध्ये जाईल. ही भीती खोटी नाही. त्यावर उपाय असा की, दुरुस्ती आपल्याकडेच झाली तर फीचा काही भाग बिलातून वजा करावा. स्क्रीनवरचे आकडे गिऱ्हाइकाला दाखवावेत आणि काढलेला जुना पार्ट त्याच्या हाती द्यावा. ज्याने डोळ्यांनी पाहिले, तो पैसे देताना कुरकुरत नाही. चांगला स्कॅनर महाग पडतो ही दुसरी अडचण. पण हे सहकाराचे जिल्हे आहेत. ज्या मातीत साखर कारखाने सहकारातून उभे राहिले, तेथे एका गल्लीतील पाच गॅरेजवाल्यांना मिळून एक स्कॅनर घेता येऊ नये, हे पटत नाही.

गाडीमालकांसही दोन शब्द. एअर फिल्टर व ऑइल वेळेवर बदला आणि ऑइल कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच घाला. गाडी सदैव गावातल्या गावात कमी वेगात फिरत असेल तर काजळी साठते; अधूनमधून इंजिन पूर्ण तापेल असा लांबचा प्रवास करा. बीएस-६ गाडीत धुराचा फिल्टर तुंबला तरीही ती लंगडते. तो कापून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, ते नियमाविरुद्ध आहे.

१९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि साताऱ्यात कूपर यांनी इंजिने बनविली. यंत्राची समज या भागाला नवी नाही. कमी आहे ती त्या समजेची किंमत मोजण्याची तयारी. म्हणून गॅरेजवाल्यांनी आपल्या बिलात "तपासणी मजुरी" अशी एक ओळ आजपासून छापावी, आणि गिऱ्हाइकांनी ती खळखळ न करता द्यावी. ती रक्कम टर्बोच्या किमतीपुढे किरकोळ आहे, आणि तिच्यामुळे शागीर्दाला पाना चालविण्याआधी डोके चालविण्याची सवय लागेल.