घरच्या कुंडीतला गांजा : ‘स्वस्त आणि शुद्ध’ हा हिशेब कुठे चुकतो?

‘साहेब, बाहेरून पुडी घेण्यापेक्षा घरीच एक झाड लावलं तर काय बिघडतं? भेसळ नाही, पोलिसांची भीती नाही, पैसेही वाचतात.’

हा प्रश्न विचारणारा मुलगा वीस वर्षांचा होता. लातूरला रिपीटर बॅचमध्ये, भाड्याच्या खोलीत राहणारा. झोप लागत नाही म्हणून आई त्याला घेऊन आली होती. आई बाहेर बसल्यावर त्याने मोबाइल काढून दाखवला. कमी खर्चात, घरातल्या घरात, पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी गांजा कसा वाढवावा, याचे व्हिडिओ. ते बोलणारे लोक कॅनडातले, अमेरिकेतले. पाहणारा लातूरचा.

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मला अनेकदा ऐकू आला. थट्टेवारी नेण्यासारखा तो नाही, कारण विचारणारा बहुतेक वेळा स्वतःचं नुकसान कमी करायच्या हेतूनेच विचारत असतो. म्हणून उत्तरही नीट दिलं पाहिजे. झाड कसं वाढवायचं ते या लेखात नाही. ते लावल्याने तुमच्या तब्येतीचं आणि उपचाराच्या वाटेचं काय होतं, ते आहे.

हा विषय आत्ताच का आला?

नांदेड हा तेलंगणाला लागून असलेला जिल्हा. आंध्र आणि ओडिशाच्या डोंगराळ भागातून निघालेला गांजा हैदराबादच्या रस्त्याने महाराष्ट्रात येतो, हे इथल्या लोकांना नवीन नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या मुंबई पथकाने नायगाव तालुक्यात एका ट्रकमधून १,१२७ किलो गांजा पकडला. तुरीत, कापसात, उसात लपवून लावलेली झाडं पोलिसांनी उपटल्याच्या बातम्याही मराठवाड्यात येत राहतात. त्याच २०२१ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने तर थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावायची परवानगी मागितली. कुठल्याच पिकाला भाव नाही, हे त्याचं कारण. परवानगी मिळणार नव्हतीच, पण त्या अर्जामागची चीड खरी होती.

घरातली लागवड ही त्यापुढची पायरी. २०२१ मध्येच डोंबिवलीतल्या एका फ्लॅटमध्ये हायड्रोपोनिक, म्हणजे मातीशिवाय वाढवलेल्या गांजाचं प्रकरण उघडकीला आलं. जून २०२३ मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याला भाड्याच्या घरात अशीच लागवड सापडली, आणि पकडले गेलेले वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. हे मी मुद्दाम सांगतो. माहिती असली म्हणजे माणूस वाचतो, असं नाही.

जोडीला जगभरातल्या अर्धवट बातम्या. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून वगळलं आणि भारताने त्या बाजूने मत दिलं, हे खरं आहे. पण गांजा नियंत्रित पदार्थांच्या पहिल्या यादीत राहिलाच, आणि भारताचा कायदा एका अक्षराने बदलला नाही. कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडं चालतात, जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन. थायलंडने २०२२ मध्ये बंदी उठवली आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. हे नियम त्या त्या देशांपुरते. व्हिडिओला मात्र सीमा नसते.

एक झाड आणि कायदा

एनडीपीएस कायदा १९८५ चा आहे. गांजाचं सेवन केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक किलोपर्यंत गांजा जवळ सापडला तर तो ‘अल्प प्रमाण’ धरला जातो : एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि लागवड? कलम २० च्या पहिल्याच भागात तिला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. तिथे ‘एक झाड’ आणि ‘एक एकर’ असा फरक केलेला नाही. किती शिक्षा द्यायची ते न्यायालय ठरवेल, पण गुन्ह्याचा प्रकार एका कुंडीनेही बदलतो.

म्हणजे ‘पोलिसांची भीती नको’ म्हणून लावलेलं झाड त्या मुलाला हलक्या कलमातून जड कलमात नेऊन ठेवतं. मला डॉक्टर म्हणून याहून जास्त खटकते ती पुढची गोष्ट. याच कायद्यात ६४-अ नावाचं एक कलम आहे, आणि फार थोड्या घरांना ते माहीत असतं. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल, आणि तो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत व्यसनमुक्तीचा उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यांसाठी त्याच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडला तर हे संरक्षण काढून घेता येतं. हे दार कायद्याने आजारी माणसासाठी मुद्दाम उघडं ठेवलं आहे. त्यात लागवडीचा उल्लेख नाही. कुंडीत बी रुजलं की जो ‘रुग्ण’ म्हणून माझ्याकडे येऊ शकला असता, तो कागदावर ‘लागवड करणारा’ होतो.

खोलीत एकत्र राहणाऱ्या मुलांनी आणखी एक लक्षात घ्यावं. कलम २५ प्रमाणे आपली जागा अशा कामाला जाणूनबुजून वापरू देणाराही दोषी ठरतो. रूम पार्टनर, घरमालक, आपल्याच घरात हे चालू आहे हे ठाऊक असलेला भाऊ, सगळे त्या शब्दाच्या कक्षेत येऊ शकतात.

‘मग भांग कशी चालते?’ हा नेहमीचा प्रतिप्रश्न. केंद्राच्या कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांगेचा विषय राज्यांकडे गेला. महाराष्ट्रात भांगेला १९४९ चा दारूबंदी कायदा लागतो, परवान्याशिवाय तीही चालत नाही. आणि झाड लावण्याची बंदी पानासाठी वेगळी, फुलासाठी वेगळी अशी नाही.

‘घरचं म्हणजे शुद्ध’

घरचं तूप, घरचा मसाला, घरचं लोणचं, हे आपल्याला पटतं. गांजाला मात्र हे लागू पडत नाही, कारण नशा आणि अपाय दोन्ही झाडाच्या आतल्याच रसायनाने होतात. ते टीएचसी. भेसळ नसली म्हणजे टीएचसी कमी असतो, असं काही नाही.

पण मुख्य अडचण मापाची आहे. औषधाच्या गोळीवर मिलिग्रॅम लिहिलेले असतात. झाडावर काहीच लिहिलेलं नसतं. बियाण्याचा वाण, प्रकाश, काढणीची वेळ, वाळवण्याची पद्धत, यांप्रमाणे टीएचसी बदलतो. एकाच झाडाच्या वरच्या आणि खालच्या फुलांतही फरक पडतो. घरात वाढवणारा माणूस साहजिकच जास्तीत जास्त ‘कडक’ माल निघावा यासाठी धडपडतो, आणि धोका तिथेच वाढतो. ‘लॅन्सेट सायकिॲट्री’त २०१९ मध्ये आलेल्या एका अभ्यासात युरोपातली दहा शहरं आणि ब्राझीलमधल्या एका ठिकाणची तुलना होती. दहा टक्के किंवा जास्त टीएचसी असलेला गांजा रोज घेणाऱ्यांत सायकोसिसची, म्हणजे भास, संशय, वास्तवाशी संबंध तुटणे या आजाराची शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ पाचपट आढळली. प्रत्येकाला होतं असं नाही. पण घरात आधी कुणाला स्किझोफ्रेनिया झालेला असेल, किंवा वय पंचवीसच्या आत असेल, तर हा जुगार तुमच्या विरोधात जास्त झुकलेला असतो. मेंदूची जडणघडण साधारण पंचविशीपर्यंत चालूच असते.

खाल्लेल्या गांजाचं गणित अजून वेगळं. धुराचा परिणाम काही मिनिटांत कळतो. पोटातून गेलेला टीएचसी यकृतात जास्त प्रभावी रूपात बदलतो, आणि त्याचा परिणाम अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही सुरू होतो. ‘काहीच झालं नाही’ म्हणून माणूस पुन्हा खातो. मग धडधड, घाम, ‘मी मरतोय’ अशी भीती, आणि रात्री दोनला कॅज्युअल्टी. लहान मूल अशा पदार्थाला हात घालून बसलं तर ते गुंगीत जातं, कधी श्वासही मंदावतो. तिथे घरगुती उपायात वेळ घालवू नका, सरळ दवाखाना गाठा आणि काय खाल्लं ते खरं सांगा.

आता बुरशी. बंद खोलीत, पावसाळ्याच्या दमट हवेत नीट न वाळलेल्या फुलांवर अॅस्परजिलस नावाची बुरशी धरते. डोळ्यांना ती दिसेलच असं नाही, आणि जाळल्याने तिचे बीजाणू सगळे मरतात असंही नाही. धडधाकट माणसाला बहुधा काही होत नाही. पण जुन्या टीबीने फुप्फुसात पोकळी राहिलेला रुग्ण, केमोथेरपी चालू असलेला, किडनी बदललेला, किंवा वाढलेल्या साखरेचा माणूस यांना ती महागात पडते. २०२१ मधला म्युकरमायकोसिस मराठवाडा विसरलेला नाही. ती बुरशी वेगळी, पण कमकुवत शरीर गाठायची रीत तीच.

कीटकनाशकाचंही तेच. झाडाला कीड लागली की फवारणी आली. अन्नधान्यावर औषध मारून किती दिवसांनी काढणी करायची याचे नियम असतात; ओढायच्या फुलासाठी असा नियम इथे कुणी केलेला नाही. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक जीव गेले. ती औषधं कातडीतून आणि श्वासातून काय करतात हे आपण जवळून पाहिलं आहे. त्यांचा अंश जाळून छातीत घेणं याला शुद्ध म्हणता येत नाही.

आणि पैशांचं?

पैसे वाचतात, हे एका अर्थी खरं असू शकतं, आणि माझी काळजी त्याचीच आहे. पुडी संपली की पैसे जमवावे लागतात, माणूस शोधावा लागतो, मध्ये दोन-चार दिवस जातात. व्यसनावर तेवढाच काय तो लगाम असतो. घरात झाड आलं की तो लगामही सुटतो. शनिवारी घेणारा मुलगा रोज घेऊ लागतो, मग सकाळी उठल्या उठल्या. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे ७२ लाख लोकांना भांग-गांजाच्या त्रासासाठी मदतीची गरज होती. त्यातले बरेच ‘थोडंसंच’ म्हणूनच सुरुवात केलेले असणार.

कॅन्सरच्या दुखण्यासाठी वडिलांना द्यायला झाड लावलं, असं सांगणारेही भेटतात. त्यांच्यावर रागवावंसं वाटत नाही. पण दुखणं थांबवणारं मापाचं, स्वस्त आणि कायदेशीर औषध आपल्याकडे आहे : मॉर्फिनच्या गोळ्या. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त रुग्णालयांना ती ठेवणं सोपं झालं आहे. ‘वेदनाशामक उपचार कुठे मिळतील’ असं तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

सोडताना काय होतं?

त्या मुलाची झोप गेली होती ती गांजा मिळेनासा झाल्यामुळे. रोज घेणाऱ्याने अचानक थांबवलं की एक-दोन दिवसांत चिडचिड, बेचैनी, भूक न लागणे, घाम, भयानक स्वप्नं सुरू होतात. पहिल्या आठवड्यात त्रास सर्वांत जास्त, दोन-तीन आठवड्यांत बहुतेक ओसरतो. झोप मात्र सावकाश येते. ‘गांजाशिवाय मला झोपच येत नाही’ असं वाटतं ते यामुळे, आणि नेमकं तेव्हाच झाड लावायचं डोक्यात येतं. गांजाचं व्यसन सोडवणारी एखादी खास गोळी नाही. समुपदेशन, दिनक्रम, आणि थोडे दिवस झोपेसाठी किंवा बेचैनीसाठी औषध, हाच उपचार आहे आणि तो लागू पडतो. वारंवार उलट्या होत असतील आणि गरम पाण्याने आंघोळ केल्यावरच बरं वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. दीर्घकाळ गांजा घेणाऱ्यांत दिसणारा तो एक ओळखीचा आजार आहे, आणि पित्त समजून त्यावर महिनोन्‌महिने चुकीचे उपचार होतात.

नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. बोलायला फोन हवा असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि टेली मानस १४४१६, दोन्ही मोफत. दवाखान्यात गेलो तर पोलिसांत नाव जाईल, ही भीती बाळगू नका. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये व्यसनाशी निगडित त्रासही मानसिक आजारात धरला आहे, आणि त्याच कायद्याने रुग्णाच्या माहितीची गोपनीयता जपलेली आहे. आधीच झाड लावून बसला असाल तर कायद्याचा सल्ला मित्राकडून घेऊ नका. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा, पात्र असाल तर तिथे वकील मोफत मिळतो.

आई-बाबा, मुलाला घेऊन येताना गाडीतच उलटतपासणी सुरू करू नका. किती दिवसांपासून, दिवसातून किती वेळा, सोबत दारू किंवा गोळ्या आहेत का, घरात कुणाला मानसिक आजार होता का, एवढं डॉक्टर विचारतील. पहिली दहा मिनिटं मुलाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा. पण ‘कुणीतरी माझ्यावर नजर ठेवतंय’, ‘कानात आवाज येतात’ असं तो म्हणत असेल, किंवा जीव द्यायच्या गोष्टी करत असेल, तर ओपीडीची वाट पाहू नका, त्याच रात्री आणा.