वाकळेला नवा टाका

ऊस कारखान्याला गेला, ऊन तापलं, की पलूस तालुक्यातल्या भिलवडी-अंकलखोप भागात सोप्यावर वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला अंथरली जाते. नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर लांब. त्याचे चार सारखे तुकडे करायचे. दोन जोडून वरचं अंग, दोन जोडून खालचं. मधे जुनी धोतरं, विरलेले सदरे, चिंध्या. कोपऱ्यांवर वजनं ठेवून कापड ताणायचं आणि कडेपासून धावदोरा घालत, चौकोनाच्या आत चौकोन करत मध्यावर यायचं. चौघी चार बाजूंना बसल्या तरी टाका सगळ्यांचा तांदळाएवढाच हवा. डावा तळवा कापडावरून फिरत असतो. थर सरकला की तो बोटांना आधी कळतो. ‘झोळ आला गं’ म्हणत तेवढी ओळ उसवायची.

हे सगळं शिक्षण सुती लुगड्यावर झालेलं. आता घरात जमतात त्या सिंथेटिक साड्या. त्या निसरड्या, घाम न टिपणाऱ्या, कापलं की कडेचे धागे सुटणाऱ्या. त्यांच्यावर जुनाच विरळ धावदोरा घातला तर चार धुण्यांत आतलं कापड एका बाजूला गोळा होतं. म्हणून आधी वीत-वीत अंतरावर आडवे-उभे कच्चे टाके घालून घ्यावे लागतात. मशीनवर शिवायचं तर वॉकिंग फूट लावावा. साध्या मशीनचे दाते फक्त खालचा थर पुढे ओढतात, वरचा मागे राहतो. हा फूट दोन्ही थर बरोबर सरकवतो.

नवं शिकायला फार लांब जायला नको. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी बायका ‘कवंदी’ शिवतात. आफ्रिकी वंशाचा हा समाज कोकणीच्या वळणाची बोली बोलतो. त्यांचा धावदोराही कडेकडून आत जातो, पण ठिगळ आधी जोडून घेत नाहीत. तुकड्याची कड दुमडायची, तो कापडावर ठेवायचा आणि पुढच्या ओळीतच शिवून टाकायचा. जोडणी आणि गोधडी एकाच फेरीत होते. कोपऱ्यांना ‘फुला’ म्हणजे कापडी फुलं लावल्याशिवाय कवंदी पुरी होत नाही. वाकळेचा हात बसलेल्या बाईला हे लवकर जमेल.

अमेरिकेतल्या ‘लॉग केबिन’ गोधडीची चाल मात्र उलटी. मधे छोटा चौकोन, त्याभोवती पट्ट्या जोडत बाहेर जायचं. शिवण पाव इंचाची, आणि तिथेच कसोटी लागते. चार फेऱ्यांच्या चौकोनात आडव्या रेषेत आठ शिवणी येतात. प्रत्येक शिवणीत एक मिलिमीटर जास्त धरला तर दोन्ही तुकड्यांचा मिळून दोन मिलिमीटर जातो. शेवटी चौकोन सोळा मिलिमीटरने आखूड! मग शेजारचे चौकोन जुळत नाहीत. डोळ्यांच्या अंदाजावर वाढलेल्या हाताला मापपट्टीची ही शिस्त सुरुवातीला जाचते, पण अंगवळणी पडली की मशीनवरचं कोणतंही जोडकाम सोपं होतं.

कृष्णाकाठाला या नव्या शिक्षणाची एक वेगळीच गरज आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना भिजलेली जाड वाकळ उचलणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. सुती थर पाणी धरून ठेवतात आणि लवकर वाळत नाहीत. कमी थरांची, पण दाट टाक्यांची गोधडी इथे जास्त कामाची.

पलूस तालुक्यातल्याच किर्लोस्करवाडीतून १९३० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक सुरू केलं. बायकांनी नवं काही शिकावं ही इथे उपरी गोष्ट नाही. गावोगावच्या बचत गटांनी यंदाच्या उन्हाळ्यात वाकळ येणाऱ्या म्हाताऱ्या आणि मशीन चालवणाऱ्या सुना एका सोप्यावर बसवाव्यात. एकीने टाका शिकवावा, दुसरीने माप. पहिला नमुना एक फुटाचाच करा, धुऊन-वाळवून बघा, मग मोठं काम धरा. आणि तोवर आजीचं सुती लुगडं भांड्यासाठी बोहारणीला देऊ नका.