शर्ट खाणारा जिवाणू

'प्लास्टिक खाणारा जिवाणू सापडला!' हा फॉरवर्ड दर दोन-चार महिन्यांनी येतोच. परवा ऑफिसातल्या एकाने त्यावरून 'मग आता बिनधास्त पॉलिएस्टर घ्या' असा निष्कर्षही काढला. मला तो अजिबात पटत नाही.

बातमी खोटी नाहीये. जपानमधल्या साकाई शहरात बाटल्यांच्या रिसायकलिंग कारखान्यातल्या नमुन्यांत असा जिवाणू सापडला आणि २०१६ साली त्यावर पेपर आला. ३० अंशांना एक पातळशी फिल्म संपवायला त्याला साधारण सहा आठवडे लागले. पुढे २०२० मध्ये फ्रान्समधल्या तुलूझचे संशोधक आणि कार्बिओस कंपनी यांनी, पालापाचोळ्याच्या कंपोस्टमधून मिळालेल्या दुसऱ्याच एका एन्झाइममध्ये (शाळेच्या पुस्तकातलं 'विकर' ते हेच) फेरफार केले. ७२ अंश, दहा तास, आणि ९० टक्के पीईटीचे मूळ घटक सुटे! मस्तच काम आहे, वादच नाही.

पण त्यांनी तो माल आधी वितळवून, झटकन थंड करून, दळून घेतला होता. का? तर बाटली आणि आपला पॉलिएस्टरचा शर्ट रसायन म्हणून एकच, पीईटी. त्याचा धागा काढताना तो ताणतात, त्यामुळे रेणू ओळीत घट्ट बसतात. धाग्याची मजबुती त्यातूनच येते आणि एन्झाइम तिथेच अडतं. ते रेणूच्या मानाने अवाढव्य असतं, धाग्याच्या आत शिरतच नाही. वरवर कुरतडत बसतं. म्हणजे शर्ट 'खायला घालण्याआधी' वितळवणं आलं, आणि त्याची ऊर्जा आली. बातमीत हे नसतं.

आता गंमत बघा. रिसायकलिंगमध्ये जो दोष, तोच कापडाच्या फिनिशिंगमध्ये गुण आहे. पॉलिएस्टर घाम टिपत नाही हे मुंबईच्या लोकलमध्ये उभं राहिलेल्या कोणालाही सांगायला नको. एन्झाइमने पृष्ठभागावरचे थोडेसे बंध तोडले की तिथे पाण्याशी जमणारी टोकं तयार होतात. कापड लवकर भिजतं, ओल पसरते, आणि आतला धागा शाबूत असल्याने मजबुती जवळपास तशीच राहते. गिरण्यांमध्ये आज कापड मऊ करायला गरम कॉस्टिक सोडा वापरतात. त्यात कापडाचं वजन उतरतं, धागा कमजोर होतो, आणि विरघळलेला भाग सांडपाण्यात जातो. एन्झाइम महाग आणि हळू आहे, कबूल. पण भिवंडी-सुरतच्या पट्ट्यात संशोधनाचा पैसा लावायचा तर मी आधी इथे लावेन. 'जिवाणू सगळा कचरा संपवेल' या स्वप्नावर नंतर.

कारण खरा शर्ट निव्वळ पॉलिएस्टरचा असतोच कुठे? वडिलांच्या पिढीच्या टेरिकॉटपासून मिश्रणच चालू आहे. कॉटनसाठी वेगळं एन्झाइम लागतं, आणि वर लायक्रा, रंग, बटणं, चेन. हे सगळं वेगळं कोण काढणार, कितीला? टॅगवर 'रिसायकल्ड पॉलिएस्टर' लिहिलेला टी-शर्टसुद्धा बहुतेक वेळा जुन्या कपड्यांचा नसतो, बाटल्यांचाच असतो.