प्रलय आणि हजेरीपुस्तक

जग बुडणार ही वार्ता आपल्याकडे नवी नव्हे. १९६२ च्या फेब्रुवारीत मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले, तेव्हा देशभर यज्ञयाग झाले. जग बुडाले नाही. कचेऱ्या नेहमीप्रमाणे उघडल्या. पण जग खरोखरच बुडणार असते, तर आपण कचेरीत गेलो असतो काय? हा प्रश्न नेटफ्लिक्सवर २०२३ साली आलेल्या 'कॅरोल अँड दि एंड ऑफ दि वर्ल्ड' या रेखाचित्रांच्या मालिकेने विचारला आहे.

एक ग्रह पृथ्वीवर आदळणार असून जेमतेम सात महिने उरले आहेत. लोक कामधंदा सोडून राहिलेल्या हौशी पुरवून घेत आहेत. कॅरोल ही मध्यमवयीन, एकाकी स्त्री मात्र अद्याप चालू असलेले एक हिशेबाचे कार्यालय शोधून काढते आणि रोज कामावर जाऊ लागते. तेथे कोणाला कोणाचे नाव ठाऊक नसते. ती एकेकाचे नाव जाणून घेते आणि मुकी माणसे बोलू लागतात. नित्यक्रम हाच आधार, असे या मालिकेचे सांगणे आहे. शिक्षक आणि कारकून यांना ते सहज पटेल.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातून पाहता मात्र ते अपुरे वाटते. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, येथील आकाशातून आगीचे लोळ गेले आणि सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे धातूचे भलेमोठे कडे पडले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असे अभ्यासकांनी सांगितले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. दिवस मोहफुलांचे होते. आकाश कोसळले म्हणून मोह झाडावर थांबत नाही. पहाटे उठून तो वेचावाच लागतो.

याच तालुक्यात १० मे २०२५ रोजी तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. आकाशातील आगीने जे केले नाही, ते रोजच्या कामाच्या वाटेवर घडले. तीन घरांपुरते तेव्हा जग संपलेच. तरीही हंगाम आला की पाने तोडावयाची, सत्तर पानांचे पुडके बांधावयाचे आणि ते फळीवर मोजून द्यावयाचे, हा क्रम चालूच राहतो. या धैर्याचे गोडवे गाणे सोपे आहे. पण ज्याला पर्याय नाही, त्याच्या नाइलाजाला तत्त्वज्ञान म्हणणे ही क्रूरता होय. कॅरोलला कामावर न जाण्याची मुभा होती. पावसाळ्यापूर्वी हाती पडणाऱ्या या रोकड पैशावर ज्यांचे घर चालते, त्यांना ती नाही.

म्हणून वाघाचा वावर असलेल्या भागातील तोडणी थांबवावयाची असेल, तर बुडालेली मजुरी भरून दिली पाहिजे. केवळ 'जंगलात जाऊ नका' असे फलक लावून शासनाचे कर्तव्य संपत नाही. आणि आपणा टेबलामागे बसणाऱ्यांचे? नुकसानभरपाईच्या प्रकरणाला क्रमांक असतो, तसे मृताला नावही असते. त्या तिघींची नावे आपल्यापैकी कितीजणांना आठवतात? जग बुडताना एका कारकून स्त्रीने जे केले, ते जग शाबूत असताना करावयास आपणास कोणी अडविले आहे?