झेंडू बॉनेटला, वंगण कुणाला?

मंडळी, आज भांडायचा मूड आहे. विषय अगदी किरकोळ, पण माझ्या डोक्यात गेले कित्येक महिने खदखदतोय.

"स्पोक व्हील? नको रे बाबा, फार मेंटेनन्स!"

हे वाक्य मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये, चहाच्या टपरीवर, जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात, सगळीकडे ऐकलंय. म्हणणारे सगळे आपल्यासारखेच, शिकलेले, इंजिनियर वगैरे. आणि 'मेंटेनन्स' हा शब्द असा उच्चारतात की जणू एखादा रोगच.

माझा एक मित्र जुनी एमजीबी बाळगून आहे. (2019 पासून आपल्याकडे हेक्टर विकणारी एमजी नव्हे हो! 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमध्ये बनलेली ती बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्स कार.) तिला तारांची चाकं आहेत, प्रत्येकात साठ तारा. शनिवार-रविवारी मी तिथे हात काळे करायला जातो. त्यामुळे या विषयावर बोलायचा मला थोडा तरी हक्क आहे असं मी समजतो.

आता गंमत बघा. अशी गाडी घेऊन प्रदर्शनात येणारे बरेच मालक तारा घासून घासून आरशासारख्या करतात. एकेक तार, दोन्ही बाजूंनी! पण चाक शेवटचं कधी उतरवलं होतं असं विचारलं की इकडेतिकडे बघतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. कारण या चाकाचा जीव तारांच्या चकाकीत नसतोच, तो मध्ये असतो, जिथे कुणाची नजर जात नाही.

साध्या गाडीचं चाक चार-पाच बोल्टांनी बसतं. या चाकाला मध्ये एकच मोठा नट, ज्याला स्पिनर म्हणतात. त्याच्यामागे हबवर गोलाकार उभे दात असतात, स्प्लाइन म्हणतात त्यांना. चाकाच्या आतल्या बाजूलाही तसेच दात. दोन्ही एकमेकांत बसतात. मागच्या चाकांत इंजिनाची सगळी ताकद या दातांतून जाते आणि ब्रेक दाबला की चारही चाकांचा सगळा ताण यांच्यावरच येतो. हे दात कोरडे पडले की लोखंडावर लोखंड घासतं आणि लालसर भुकटी बाहेर यायला लागते. मग क्लच सोडताना 'टक' असा आवाज येतो. चपटे दात झिजून टोकदार झाले की हबही गेला आणि चाकही गेलं. दोन्ही बरोबरच बदलावे लागतात, कारण नवा हब जुन्या चाकात बसवला तर जुने दात नव्याला खातात.

आणि हे टाळायला काय लागतं? थोडं रॉकेल, एक ब्रश, चमचाभर ग्रीस, तांब्याचा हातोडा आणि वर्षातून एकदोन सकाळी. जुनं ग्रीस धुवायचं, दात बघायचे, मग दातांवर, आट्यांवर आणि नट टेकतो त्या उतारावर पातळ थर द्यायचा. पातळच! थापलेलं ग्रीस चाक फिरलं की बाहेर उडतं. नट ठोकून आवळायचा, थोडं अंतर चालवून पुन्हा तपासायचा. मग पान्याने एकेक तार हलकेच वाजवायची. सगळ्या साधारण एका सुरात वाजल्या पाहिजेत. एखादी 'ठप्प' बोलली तर ती सैल. पण ती एकटीच पिळत बसायची नाही, रिंग वाकडी होते. त्यासाठी आउट काढणारा जाणकारच गाठायचा.

सैल तार इतकी वाईट का? बैलगाडीच्या चाकात लाकडी आरे खांबासारखे वजन पेलतात. तारेला खांब होता येत नाही, ती दाबली की वाकते. म्हणून सगळ्या तारा आधीच ताणून ठेवतात. वजन आलं की खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, इतकंच. जॉर्ज केली या इंग्रजाने ही कल्पना 1808 मध्येच टिपून ठेवली होती. मुळात ताणच नसेल तर तार प्रत्येक फेरीत ढिली-ताठ, ढिली-ताठ होते आणि एक दिवस वाकणाशी तुटते.

अजून एक. गाडीच्या डाव्या बाजूच्या नटाला सरळ आटे, उजव्या बाजूला उलटे. गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने नट सुटतो! ऐकायला चुकीचं वाटतं, पण चाकाच्या उतारात नट उलट्या दिशेने बारीक बारीक सरकत आवळत जातो. एखाद्या शहाण्याने 'लॉजिक' लावून डावे-उजवे हब बदलले, तर नट रस्त्यात सुटणार. म्हणजे इथे निष्काळजीपणाची किंमत जीवही असू शकते.

माझं गाव वडीगोद्री, अंबड तालुक्यात, सोलापूर-धुळे हायवेवर. लहानपणी आजोबांच्या गाडीखाली वंगणाचं नळकांडं लटकलेलं असायचं. एरंडेलात जळक्या चिंध्यांची राख खलवलेली. लांब जायचं असलं की आधी चाक उतरवून आखाला वंगण. त्यात कुणाला 'फार मेंटेनन्स' वाटत नव्हता. ते बैलाला पाणी पाजण्यासारखंच काम होतं. न केलं तर चाक कुरकुरत ओरडायचं आणि सगळ्या गावाला कळायचं की हा माणूस आळशी आहे. आता उसाच्या हंगामात टायरगाड्या दिसतात. चाकात बेअरिंग आलं, पण ग्रीस त्यालाही लागतंच.

आणि आपण शहरात काय करतो? खंडेनवमीला गाडी धुतो, बॉनेटला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. ऑफिसात मॉनिटरलासुद्धा हळदकुंकू. हाराला माझी ना नाही. पण अवजाराची पूजा म्हणजे त्याची निगा, हे आपण सोयीस्कर विसरलो. झेंडू सगळ्यांना दिसतो, हबमधलं ग्रीस कुणालाच दिसत नाही.

आपल्या धंद्यात तरी वेगळं काय आहे? 'मेंटेनन्स प्रोजेक्ट' मिळाला की चेहरा पाडायचा, जणू काळ्या पाण्याची शिक्षा. नवीन फीचरवाल्याला टाळ्या, आणि रात्री दोन वाजता जुना सर्व्हर जिवंत ठेवणाऱ्याला 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स'. अरे, ज्या वायटूकेच्या कामांवर भारतीय आयटी मोठी झाली, ते काय होतं? जगाच्या जुन्या कोडला दिलेलं वंगणच ना?

"पण अ‍ॅलॉय चांगलं नाही का?" आहे ना! मजबूत, धुवायला सोपं, बहुतेक ट्यूबलेस. नव्या गाडीला जरूर घ्या. माझं भांडण 'मेंटेनन्स-फ्री' या शब्दाशी आहे. त्याचा खरा अर्थ बहुतेक वेळा इतकाच, की याला वंगण द्यायची सोय नाही, संपलं की फेका. तारांचं चाक मोडायच्या आधी बोलतं. लाल भुकटी, टक आवाज, बेसूर तार. ऐकणारा पाहिजे.

2021 मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेजचे नियम आणले. अशी गाडी रोज फिरवायला मनाई, पण ज्या मोजक्या कामांसाठी रस्त्यावर काढता येते त्यांत प्रदर्शन आणि रॅलीबरोबर देखभालही आहे. सरकारी नियमाला जे कळलं ते मालकांना कळू नये?

माझा जिल्हा जालना, सळ्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या भट्ट्यांत भंगार वितळतं. निगा न राखलेल्या प्रत्येक यंत्राचा रस्ता शेवटी अशाच एखाद्या भट्टीकडे जातो, मग त्याच्या तारा कितीही चकचकीत असोत.

तुमच्याकडे एमजी नसेल, पण तारांच्या चाकांची बुलेट किंवा जावा असेल. निदान सायकल तरी असेलच. या रविवारी पॉलिशची बाटली राहू द्या कपाटात. पान्याने तारा वाजवा, चेनला तेल द्या, हात काळे करा.

असो. बरंच बोललो. पटलं नसेल तर भांडायला या, पण येताना चेनला तेल देऊन या!